मुलगा ‘हीथन’ झालाय, गळ्यात हातोडा घालतो: काळजी करावी का?

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा दोन वर्षं जर्मनीत शिकतो आहे. हल्ली व्हिडिओ कॉलवर त्याच्या गळ्यात चांदीचा छोटा हातोडा दिसतो. विचारलं तर म्हणतो, ‘मी हीथन आहे.’ महिन्या-दीड महिन्याने काही लोकांबरोबर रानात जातो, तिथे शेकोटीभोवती उभं राहून शिंगातून काहीतरी पितात. बाईंनी इंटरनेटवर शोधलं तर निम्म्या ठिकाणी नाझींची चित्रं निघाली. मुलगा म्हणतो, हा धर्म वेदांइतकाच जुना आहे, आपल्याच धर्माचा भाऊ आहे. दिवाळीला घरी येतोय आणि तो हातोडा देवघरात ठेवायचा म्हणतोय. काय करावं?

मी मूळची वेंगुर्ल्याची. आइसलँडमधल्या रेक्याविकमध्ये सतरा वर्षं झाली, आणि त्यातली तेरा वर्षं इथल्या ब्लोटला जाते. हीथन म्हणजे ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या उत्तर युरोपातल्या देवांना मानणारा, आणि ब्लोट म्हणजे या धर्मातला यज्ञ म्हणा, पूजा म्हणा. तेव्हा ऐकीव सांगत नाही. आधी थोडक्यात उत्तर: धर्माची काळजी करू नका, संगत मात्र तपासा. आता सविस्तर.

तुमचा मुलगा ‘इतकाच जुना’ म्हणतो, त्यातलं अर्धं खरं आहे. थोर (हातोडा त्याचाच), ओडिन, फ्रेया हे देव जुनेच आहेत. (आपला ‘थोर’ शब्द आणि हा थोर यांचा काही संबंध नाही. असे संबंध जोडायची हौस आपल्या लोकांना फार, त्याकडे पुढे येते.) पण आज जे पाळलं जातं ते अखंड चालत आलेलं नाही. मधे काही शतकांचा खंड आहे, आणि प्रामाणिक हीथन ते पहिल्याच वाक्यात कबूल करतो. आपल्याकडे सत्यनारायण कसा करायचा हे गुरुजींना त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं असतं. इथे तसं कोणी उरलं नव्हतं. जर्मनीतल्या साक्सन लोकांचा पवित्र स्तंभ, इर्मिनसूल, फ्रँक राजा शार्लमेनने 772 साली पाडला. त्याच्या पन्नासेक वर्षं आधी बोनिफेस या मिशनऱ्याने गाइस्मारचा थोरचा ओक तोडला होता. साक्सनांना बाप्तिस्मा देताना जी शपथ वदवून घेत, तिच्यात थोर, वोडन (म्हणजे ओडिनच) आणि साक्सनोट या तिघा देवांना नावानिशी सोडल्याचं म्हणायला लावत. ती शपथ हस्तलिखितात टिकली. त्या देवांना लोक प्रार्थना कशी करत, ते कुणी लिहून ठेवलं नाही.

आइसलँडची गोष्ट निराळी, आणि मला ती फार आवडते. इथे धर्मांतर झालं ते इसवी सन 1000च्या सुमारास, आल्थिंग या लोकसभेत. ख्रिस्ती आणि जुन्या रीतीचे असे दोन गट हातघाईवर आले होते. निर्णय सोपवला थोरगेइर नावाच्या कायदेपंडितावर, जो स्वतः जुन्या देवांचा भक्त होता. तो अंगावर पांघरूण ओढून एक दिवस आणि एक रात्र पडून राहिला, कुणाशी एक शब्द बोलला नाही. उठला आणि म्हणाला, कायदा एकच हवा, सगळ्यांनी ख्रिस्ती व्हायचं. पण सवलती ठेवल्या: घोड्याचं मांस खाता येईल आणि गुपचूप, साक्षीदारांशिवाय, जुन्या देवांना नैवेद्य दाखवता येईल. (तिसरी सवलत नकोशी अर्भकं उघड्यावर टाकून देण्याची होती. जुनं ते सगळं सोनं नसतं.) काही वर्षांनी या सवलतीही गेल्या. घोड्याचं मांस मात्र इथे आजही दुकानात मिळतं.

तर मग आजचे लोक पाळतात ते कशाच्या आधारावर? मुख्य आधार दोन एडांचा, म्हणजे देवांच्या गोष्टी असलेल्या दोन जुन्या आइसलँडी ग्रंथांचा. एक पद्य एडा. तिची सर्वांत महत्त्वाची प्रत, कोडेक्स रेगियस, 1270च्या आसपासची, पंचेचाळीस पानांची. 1643 साली ती एका बिशपच्या हाती आली, त्याने ती डेन्मार्कच्या राजाला पाठवली आणि 1971 साली ती जहाजाने आइसलँडला परत आली. दुसरी गद्य एडा, स्नोरी स्तुर्लुसॉनने 1220च्या सुमारास लिहिलेली. स्नोरी ख्रिस्ती होता. त्याला धर्म शिकवायचा नव्हता. तरुण कवींना जुन्या कवितेतली रूपकं कळावीत म्हणून त्याने देवांच्या गोष्टी सांगितल्या. म्हणजे आपली पुराणं, श्रौतसूत्रं, गृह्यसूत्रं सगळं नाहीसं झालं आणि शंकर-पार्वतीच्या गोष्टी फक्त एका पाद्र्याने लिहिलेल्या काव्यशास्त्राच्या पुस्तकातून कळल्या, तर कसं वाटेल? त्याशिवाय रोमन इतिहासकार टॅसिटसने इसवी सन 98च्या सुमारास केलेलं जर्मन टोळ्यांचं वर्णन, आइसलँडच्या सागा म्हणजे जुन्या गद्यकथा, गावांची नावं आणि उत्खननात सापडलेले हातोडे आहेत. डेन्मार्कमध्ये दगडाचा एक साचा सापडलाय, त्यात एकाच वेळी क्रॉस आणि थोरचा हातोडा ओतता येतो. गिऱ्हाईक कोणतंही असो, सोनाराची भट्टी चालू.

या सगळ्यातून पुन्हा उभा केलेला धर्म म्हणजे आजचा हीथन धर्म. ‘आसात्रू’ हा शब्दसुद्धा एकोणिसाव्या शतकातला. जुने लोक आपल्या धर्माला काही नावच देत नव्हते. नवा धर्म आल्यावर वेगळं ओळखण्यासाठी ‘फोर्न सिद्र’ म्हणू लागले, म्हणजे जुनी रीत. ‘रीत’ हा शब्द लक्षात ठेवा. तुमच्या मुलाला ‘तू ओडिनवर विश्वास ठेवतोस का?’ असं विचारलंत तर तो गोंधळेल, कारण प्रश्न चुकीचा आहे. माझ्या ओळखीत थोरला खराखुरा देव मानणारे आहेत, निसर्गाची शक्ती मानणारे आहेत, आणि ‘मला काही माहीत नाही, पण माझ्या पणजोबांचे पणजोबा हे करत होते’ म्हणणारेही आहेत. एका शेकोटीभोवती सगळे उभे राहतात. गणपती बसवणाऱ्या घरात नास्तिक काका आरतीला टाळ्या वाजवतोच की नाही?

आमची इथली संस्था, आसात्रूअरफेलागिद, 1972 साली उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशी स्थापन झाली. हा दिवस एप्रिलच्या शेवटाकडे गुरुवारी येतो, आणि कधी कधी बाहेर बर्फ असतो. संस्थापकांतले स्वेनब्यर्न बेन्तेइन्सॉन मेंढपाळ-शेतकरी आणि कवी होते. पांढरी लांब दाढी, आणि ‘रीमुर’ ही जुनी कथागीतं गाण्यात त्यांचा हातखंडा. सरकारी मान्यता मागायला गेले तेव्हा मंत्र्यांना थट्टा वाटली. असं सांगतात की शिष्टमंडळ बाहेर पडल्यावर शहरावर वीज कडाडली आणि मध्यवस्तीत दिवे गेले. राष्ट्रीय चर्चच्या बिशपांनी विरोध केला, तरी 1973 साली मान्यता मिळाली. त्याच उन्हाळ्यात पहिलं जाहीर ब्लोट स्वेनब्यर्न यांच्या शेतावर झालं, भर पावसात. ते 1993 साली वारले. 2003 पासून प्रमुख पुरोहित आहेत हिल्मार अर्न हिल्मार्सॉन, मूळचे संगीतकार. पुरोहिताला इथे ‘गोदी’ म्हणतात, माझगावच्या गोदीशी त्याचा संबंध नाही. गोदी नाव ठेवण्याचा विधी, लग्न, अंत्यविधी करतात आणि लग्नाला कायदेशीर मान्यता असते. आज सदस्य पाच हजारांच्या वर आहेत. पावणेचार-चार लाखांच्या देशात हे थोडं नाही. सोळा वर्षांवरच्या प्रत्येक सदस्यामागे सरकार संस्थेला दरमहा ठरावीक रक्कम देतं, जशी इतर नोंदणीकृत धर्मसंस्थांना देतं. रेक्याविकमधल्या टेकडीवर मंदिराचं भूमिपूजन 2015च्या मार्चमध्ये झालं, तेही मुद्दाम सूर्यग्रहणाच्या वेळी. मी आईला फोनवर सांगितलं तर ती दोन मिनिटं गप्प. पुढे ते काम पैशांपायी वर्षानुवर्षं रखडलं, तेव्हा ‘सांगितलं होतं मी’ हे तिने किती वेळा ऐकवलं ते विचारू नका.

आता रानात शेकोटीभोवती काय करतात ते सांगते, कारण तुम्हाला खरी धास्ती त्याचीच आहे. जुन्या ब्लोटमध्ये जनावर कापत, रक्त शिंपडत आणि मांस शिजवून सगळे मिळून खात. आमच्या इथे पशुबळी नाही. गोल उभं राहायचं. गोदी जागा पवित्र झाल्याचं आणि सभेत शांतता पाळायची असल्याचं जाहीर करतात, एडातल्या ओळी म्हणतात. माझी आवडती ओळ ‘हेइल दाग्र, हेइलिर दाग्स सिनिर’ ही आहे: हे दिवसा, तुझं कल्याण असो, दिवसाच्या पुत्रांनो, तुमचंही. पुढे देवांना, देवींना आणि ‘बहुगुणी धरणी’ला नमस्कार येतो. मग मधापासून आंबवलेल्या मीडने भरलेलं शिंग हातोहात फिरतं. ज्याच्या हाती येईल तो कुणाच्या तरी नावाने बोलतो, देवाच्या, पूर्वजाच्या, नुकत्याच गेलेल्या मित्राच्या, आणि थोडं जमिनीवर ओततो, थोडं पितो. गाडी चालवायची असेल त्याला बिनदारूचं माल्ट. नंतर जेवण. पंगतीत जेवढा वेळ जातो त्याचा चौथा हिस्साही विधीत जात नाही.

माझं पहिलं ब्लोट थिंगवेत्लिरला, जुनी आल्थिंग भरायची तिथेच, झालं, जूनमध्ये, आडव्या पावसात. शिंग तोंडाला लावताना मी त्याचं टोक वर केलं. शिंग थोडं रिकामं झालेलं असलं की टोकाकडे हवा शिरते आणि उरलेलं सगळं एकदम तोंडावर येतं. आलंच. नाकातोंडात मीड, चष्मा चिकट. शेजारच्या आजोबांनी रुमाल दिला आणि म्हणाले, टोक बाजूला वळवून प्यायचं असतं. त्या दिवशी मला आत घेतल्यासारखं वाटलं ते मंत्रांनी नाही, त्या रुमालाने.

जर्मनीतल्या गटांचं स्वरूप थोडं वेगळं असतं. अमेरिकन पद्धतीचा प्रभाव जास्त, त्यामुळे ‘सुम्बल’ म्हणजे तीन फेऱ्यांत शिंगातून पिणं जास्त चालतं. पहिली फेरी देवांची, दुसरी पूर्वजांची किंवा वीरांची, तिसरी आपापली: शपथ, फुशारकी, आभार, काहीही. सुम्बलमध्ये घेतलेली शपथ हलकी धरत नाहीत. मुलाने तिथे ‘पीएचडी तीन वर्षांत संपवीन’ अशी शपथ घेतली असेल तर तुमचा फायदाच आहे.

देवाशी नातं देवाणघेवाणीचं. ‘हावामाल’ या काव्यात ओडिन म्हणतो, अति बळी देण्यापेक्षा काही न मागितलेलं बरं, कारण दिलेली भेट परतीच्या भेटीकडे डोळे लावून असते. तैत्तिरीय संहितेत ‘देहि मे ददामि ते’ आहेच: तू मला दे, मी तुला देतो. इथे तुमच्या मुलाचं म्हणणं पोकळ नाही. भाषा एका कुळातल्या आहेत, तेव्हा काही धागे खरोखर जुळतात. नॉर्समध्ये देवांना ‘तीवर’ म्हणत आणि एका देवाचं नाव ‘त्यूर’, हे दोन्ही शब्द आपल्या ‘देव’ शब्दाचे सख्खे चुलत. सर्वांत सुंदर धागा जर्मनीतच आहे. मेर्सेबुर्गच्या कॅथेड्रलच्या ग्रंथालयात 1841 साली एका ख्रिस्ती पोथीच्या कोऱ्या पानावर दहाव्या शतकात लिहिलेले दोन मंत्र सापडले. दुसऱ्यात बाल्डर या देवाच्या घोड्याचा पाय मुरगळतो आणि वोडन मंत्र म्हणतो: ‘बेन त्सी बेना, ब्लुओत त्सी ब्लुओदा’, हाड हाडाला, रक्त रक्ताला, सांधा सांध्याला, जणू चिकटवल्यासारखे. आता अथर्ववेदाच्या चौथ्या कांडातलं बारावं सूक्त घ्या, मोडलेलं हाड सांधायचं: ‘सं ते मज्जा मज्ज्ञा भवतु समु ते परुषा परुः’. मज्जा मज्जेला, पेर पेराला. मी हे दोन्ही शेजारी शेजारी पहिल्यांदा वाचले तेव्हा अंगावर काटा आला होता. हे साम्य एकाच मुळातून आलं की दोन्हीकडे स्वतंत्रपणे सुचलं, यावर अभ्यासक अजून भांडतात.

पण इथेच थांबायचं. व्हॉट्सअॅपवर फिरणारं ‘स्कँडिनेव्हिया म्हणजे स्कंदनाभी’, ‘ओडिन म्हणजे बुद्ध’, ‘थोर हा आपलाच इंद्र, हातोडा हेच वज्र’ हे मुलाने पाठवलं तर पुढे पाठवू नका. इंद्र वृत्राला मारतो आणि थोर महासर्पाशी लढतो, हे साम्य खरं. पण थोर मेंढपाळाच्या अंगणातला, बकऱ्यांच्या रथात बसणारा, खादाड, थोडा मठ्ठ, शेतकऱ्यांचा लाडका देव आहे. त्याला इंद्राच्या पोशाखात बसवलं की तो हरवतो. आणि दुसरं, जे जास्त गंभीर आहे: ‘आपण सारे आर्य’ हे वाक्य आपल्या मुलांना गोड लागतं, आणि नेमक्या त्याच दारातून वाईट माणसं आत येतात.

म्हणून आता नाझी. तुम्ही शोधलंत ते खोटं नाही. व्हिएन्नाच्या गीडो फॉन लिस्टने 1908 साली अठरा रुनांची (रुना म्हणजे जुन्या जर्मानिक लिपीतली अक्षरं) स्वतःची लिपी छापली आणि ती आर्यांचं गुपित म्हणून खपवली. खरी जुनी लिपी 24 अक्षरांची, व्हायकिंग काळातली 16ची. अठरा रुना कुठल्याही शिलालेखात नाहीत. हिटलरचा साथीदार हिमलर याच्या एसएस या दलाने रुना गणवेशावर चढवल्या, 1935 साली ‘पूर्वजांचा वारसा’ नावाची संशोधन संस्था काढली. अमेरिकेत आजही ‘हा धर्म फक्त गोऱ्यांचा’ म्हणणाऱ्या संघटना आहेत. 2016 साली त्यांच्याविरुद्ध अनेक देशांतल्या हीथन संस्थांनी मिळून एक जाहीर निवेदन काढलं, ‘डिक्लरेशन 127’. हा आकडा हावामालच्या 127व्या कडव्याचा: जिथे वाईट दिसेल तिथे ते वाईट आहे असं म्हण, आणि शत्रूंना स्वस्थ बसू देऊ नकोस. आमच्या हिल्मार यांनी समलिंगी लग्नांना पाठिंबा दिला तेव्हा परदेशातल्या या लोकांकडून धमक्यांची पत्रं आली होती.

मग तपासायचं काय? हातोडा स्वतः निरुपद्रवी आहे. अमेरिकन सैनिकांच्या थडग्यावर कोरायच्या अधिकृत चिन्हांत तो 2013 पासून आहे. पण मुलाच्या खोलीत बारा वाकड्या आऱ्यांचं काळं चक्र दिसलं तर ते जुनं चिन्ह नाही, ते हिमलरच्या वेवेल्सबुर्ग किल्ल्याच्या फरशीवरून आलंय. रुनांचा संच घेतला असेल तर मोजायला सांगा. अठरा निघाल्या तर त्या कुठून घेतल्या ते विचारा. आणि खरी परीक्षा तुमच्याकडे आयतीच आहे: तुमचा मुलगा सावळा आहे. गटाने त्याला पहिल्या दिवशी शिंग हाती दिलं असेल तर ‘रक्तात असावं लागतं’ म्हणणारा तो गट नाही. दिलं असेल, पण वर ‘तू वेगळा आहेस, तुम्ही ब्राह्मण लोक आर्य, बाकीचे नाहीत’ असं कुणी म्हणालं असेल, तर मात्र तिथून त्याला उठायला सांगा. ही खुशामत मला स्वतःला एका मेळाव्यात ऐकवली गेली आहे. मी ब्राह्मण नाही हे सांगितल्यावर त्या गृहस्थांचा माझ्यातला रस संपला.

एक गोष्ट मुलाला समजावता आली तर पाहा. नव्याने आलेली मुलं ओडिन, वाल्हाला (रणात पडलेल्यांसाठीचा ओडिनचा महाल), युद्ध यातच अडकतात. सिनेमे आणि गेम्सचा परिणाम. खरं तर एडाप्रमाणे रणात पडलेल्यांपैकी निम्मे फ्रेयाकडे जातात, वाल्हालात नाही, आणि बहुतेक माणसं हेलकडे, जी नरक नसून नुसती मेलेल्यांची जागा आहे. सागांमध्ये तर गावाशेजारच्या डोंगरात जाणारे पूर्वज आहेत. थोरोल्फ नावाच्या वसाहतकाराने हेल्गाफेत्ल नावाची टेकडी इतकी पवित्र मानली की अंघोळ न करता कुणी तिच्याकडे पाहायचंही नाही. आणि भूमीचे रक्षक ‘लांडवेत्तिर’: जुना कायदा सांगे की किनारा दिसण्याआधीच जहाजाच्या नाळेवरचं ड्रॅगनचं डोकं उतरवा, नाहीतर ते घाबरतील. आमच्या वेंगुर्ल्याला राखणदाराला नारळ दिल्याशिवाय नवी विहीर खणत नाहीत. दोन्ही एक आहेत असं मी म्हणत नाही, पण मला इथे परकं वाटलं नाही ते यामुळे. रोजचा हीथन धर्म बराचसा हाच आहे: घरामागच्या दगडापाशी दूध ठेवणं, आजीचं नाव घेऊन घोट ओतणं. याला तलवार लागत नाही.

देवघराचं म्हणाल, तर हीथन बाजूने काहीच हरकत नाही. हे देव ‘मी सोडून दुसरा नको’ म्हणणारे नाहीत. आइसलँडमध्ये वसाहत करायला आलेला हेल्गी नावाचा एक जण ख्रिस्तावर श्रद्धा ठेवत असे, पण समुद्रात जाताना आणि काही कठीण प्रसंग आला की थोरलाच हाक मारी. त्याने आपल्या शेताला ख्रिस्ताचं नाव दिलं आणि ते शेत कुठे वसवायचं हे विचारलं थोरला. तुमच्या बाजूने हरकत आहे की नाही, ते तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. माझ्या आईने हातोडा देवघरात घेतला नाही. तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात ठेवला, आणि संध्याकाळी दिवा लावते तेव्हा त्याच्यापुढूनही ओवाळते.

फक्त त्याला घरी मीड बनवू देऊ नका. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी दारू तयार करणं गुन्हा आहे, शिवाय ऑक्टोबरच्या उकाड्यात मध इतक्या जोरात आंबतो की घट्ट बूच लावलेली बाटली फुटू शकते. ब्लोट करायचंच म्हणाला तर ताक द्या, कोकम सरबत द्या. शिंगात घालून टोक बाजूला वळवायला सांगा.